चंद्रावरून जाणाऱ्या पोरी

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आधी कबुली देते. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की तुम्ही रिमोट उचलता आणि मीही तुमची री ओढत "नुसती रडारड" म्हणते ना? गेले तीन आठवडे जेवणं आटोपली की दार लोटून मी तेच बघतेय. तेही विलायतेतलं! बीबीसीचं २०१० सालचं 'ओव्हर द रेनबो', यूट्यूबवर तुकड्यातुकड्यानं.

'विझार्ड ऑफ ऑझ' या संगीत नाटकासाठी नायिका शोधायची, डोरोथी. कौल प्रेक्षकांचा, फोनवरून. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर सिंहासनावर बसलेले. सगळ्यात कमी मतांच्या दोघींना पुन्हा गायला लावतात, त्यातली एक ते वाचवतात.

दुसरीचं काय होतं ते ऐक, आई. पायातले लाल चकाकते बूट काढून लॉइड वेबरांच्या हाती द्यायचे आणि चंद्रकोरीवर बसायचं. मग चंद्र वर जातो आणि ही गात गात त्याच्याबरोबर. इतका बटबटीत प्रकार की पहिल्यांदा मी फसकन हसले. दुसऱ्या पोरीला मात्र पदर डोळ्याला लावला.

नववीत गॅदरिंगच्या नाटकातून मला वगळलं, आठवतं? बाबा, तुम्ही काही न बोलता पेटी काढलीत. "म्हण तेच पद. परसात आई भांडी घासतेय, तिला शब्दन् शब्द कळला पाहिजे." आणि आई तिथूनच ओरडली, "काऽही कळलं नाही!"

इथंही तेच चाललंय. गोड गळ्याच्या पुष्कळ आहेत, पण पदात बाई दिसायला हवी. डॅनिएल होप जिंकली आणि पुढं २०११ मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये डोरोथी झाली, हे मी आधीच शोधून ठेवलंय. तरी दर खेपेला धाकधूक.

मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे तुम्ही पाहुण्यांना चहाच्या आधी सांगता. त्यामुळं मला काय ऐकावं लागणार ते ठाऊक आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं खानापूरला येतेय. कुंदा आणते, बाबांना चमचाभरच. दुपारी फोनवर एक भाग लावणार. बाबा, तुम्ही पेपर तोंडासमोर धरून बसलात तरी चालेल. आई, तू मात्र भांडी नंतर घास.

तुमची,
बेबी