जेवणाच्या तिप्पट

ती. बाबा आणि ती. आई यांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आपण कधी दारिद्र्यरेषेखाली नव्हतो, कागद काढून बघ." पलीकडे आई काहीच बोलली नाही. ती अशी गप्प बसली की मला तिची हिशोबाची वही आठवते.

तुमचं खरंच आहे. कागदावर आपण कायम रेषेच्या वरच होतो. पण ही रेषा काढतात कशी, हे गेल्या महिन्यात कामाच्या निमित्ताने वाचलं आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात होतं.

अमेरिकेची सरकारी रेषा घ्या. तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्यातल्या मॉली ओर्शान्स्की यांनी ती १९६३-६४च्या सुमारास बांधली. कुटुंबाच्या उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जातो, असं १९५५च्या एका पाहणीत दिसलं होतं. म्हणून त्यांनी कृषी खात्याचा सगळ्यात स्वस्त आहार घेतला आणि त्याच्या खर्चाला तिनाने गुणलं. झाली रेषा! तो आहार मुळात चार दिवस हात आखडता असताना निभावून न्यायला आखलेला. त्यात बाहेर खाल्लेल्या घासाला जागाच नव्हती, सगळं घरीच शिजायचं. जणू घरातल्या बाईला वेळच वेळ. आई, तू हे वाचून हसशील.

ओर्शान्स्कीबाईंना मी बोल लावत नाही. त्या स्वतः गरिबीत वाढलेल्या. किती पुरेल हे नाही, निदान किती नक्कीच कमी पडेल एवढंच त्या सांगत होत्या. पण १९६९मध्ये ती रेषा सगळ्या सरकारी आकडेवारीसाठी पक्की झाली आणि पुढे दरवर्षी फक्त महागाईपुरती वर सरकत राहिली. एकूण खर्चातला जेवणाचा वाटा घटत गेला. घरभाडं, औषधं, मुलं सांभाळायला ठेवायचा खर्च वाढत गेला. रेषेच्या पोटात मात्र तेच जुनं तिप्पट. शिवाय सगळ्या देशाला एकच आकडा. महागड्या शहरातलं बिऱ्हाडही त्यात आणि आडगावातलंही.

जागतिक बँकेचं तर आणखी गमतीचं. जून २०२५मध्ये त्यांनी अतिगरिबीची रेषा दिवसाला २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली आणि सुधारलेल्या हिशोबात जगातले अतिगरीब साडेबारा कोटींनी वाढले. त्या दिवशी कुणाच्या घरातलं भांडंही हललं नव्हतं.

आईच्या वहीत पुढून शाईने लिहिलेला हिशोब असायचा, महिन्याच्या महिन्याला जुळलेला. आठवीत असताना मी ती चुकून उलटी उघडली. मागच्या पानांवर पेन्सिलीने दुसराच हिशोब होता: कुणाकडून किती उसने, कधी फेडले. पुढचा हिशोब जुळायचा तो मागच्या पानांच्या जिवावर. एका ओळीत 'सहल' लिहून खोडलं होतं. ती सहल मला नकोच आहे, असं मी तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं?

२०११पासून अमेरिकेत जुन्या मोजमापाच्या जोडीला एक नवं आलंय. त्यात भाडं धरतात. कर, कामावर जाण्याचा खर्च आणि खिशातून भरलेला औषधपाण्याचा खर्च उत्पन्नातून वजा करतात. तसं मोजलं की पासष्टीपुढच्या माणसांमधली गरिबी सरकारी आकड्यापेक्षा जास्त निघते, मुख्यतः औषधपाण्यामुळे. इथे मी वाचता वाचता थांबले.

बाबा, गेल्या खेपेला तुमच्या डबीत अर्ध्या केलेल्या गोळ्या दिसल्या. "डॉक्टरांनीच कमी केलीय," म्हणालात. मी चिठ्ठी पाहिली, पूर्ण गोळी लिहिलीय.

आई, या महिन्याच्या हिशोबाचा फोटो पाठव. पुढच्या पानांचा नको, मागच्या.

तुमची,
थोरली