रॅम हवी असेल तर मदरबोर्डही घ्या?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या उत्तरार्धापासून संगणकाच्या सुट्या भागांचे, विशेषतः रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) यांचे, भाव चढत आहेत. त्याची चर्चा बहुतेक वेळा ‘आता मोबाइल महागणार’ एवढ्यावर थांबते. आपल्या गरजेनुसार एकेक भाग निवडून डेस्कटॉप असेंबल करून घेणारा ग्राहक मात्र या चर्चेत कुठेच नसतो. हा ग्राहक म्हणजे केवळ गेम खेळणारी मुले नव्हेत. घरी बसून डीटीपीची कामे करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, वास्तुरचनेचे विद्यार्थी, लहान लेखापाल यांना तयार ब्रँडेड संगणकापेक्षा असेंबल केलेला संगणक परवडतो आणि पुढे दुरुस्तही करता येतो, म्हणून ते या वाटेने जातात. त्यातच 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षा अपडेट) संपला आणि ज्यांच्या जुन्या यंत्रांवर विंडोज 11 चालत नाही, अशा अनेकांना नेमके महागाईच्या तोंडावर खरेदीला बाहेर पडावे लागले.

भाववाढीचे मूळ आपल्या बाजारात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. जगातील बहुतांश डीरॅम, म्हणजे रॅमसाठी लागणाऱ्या, चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या एचबीएम या मेमरीत त्यांना नफा अधिक असल्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आहे. मायक्रॉनच्याच म्हणण्यानुसार तेवढ्याच जीबीच्या डीडीआर5 च्या (संगणकात बसणाऱ्या रॅमच्या नव्या पिढीच्या) तुलनेत एचबीएमला सुमारे तिप्पट वेफर (ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) खर्ची पडतात, त्यामुळे तिकडे गेलेली प्रत्येक वेफर आपल्या वाट्याची बरीच रॅम घेऊन जाते. ऑक्टोबर 2025 मध्ये ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी महिन्याला 9 लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याच्या दिशेने प्राथमिक करार केले. पुढे 3 डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा आपला व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. 2025 च्या मध्यापर्यंत चार-पाच हजारांच्या घरात मिळणारी 16 जीबीची डीडीआर5 स्टिक (रॅमची पट्टी) वर्षअखेरीस दहा हजारांच्या पुढे गेली ती यामुळे. 2011 साली थायलंडमधील पुरानंतर हार्ड डिस्कचे आणि 2021 मध्ये आभासी चलनाच्या खाणकामामुळे ग्राफिक्स कार्डांचे जे झाले, त्याच जातीचे हे संकट आहे. त्याचा दोष मुंबईतील संगणक बाजाराच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा नाशिकच्या दुकानदाराला देण्यात अर्थ नाही.

परंतु माल कोणत्या अटीवर विकायचा, हे मात्र दुकानातच ठरते, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. माझ्याकडे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड) व प्रोसेसर आधीपासून होता. मला फक्त 16 जीबीच्या दोन स्टिक हव्या होत्या. काउंटरच्या काचेखाली सीलबंद खोकी दिसत असताना मला सांगण्यात आले की सुटी रॅम मिळणार नाही, मदरबोर्ड आणि प्रोसेसरही इथूनच घेणार असाल तर ‘सेट’मध्ये देऊ. माझ्या परिचयातील एका तरुणाच्या बाबतीत प्रकार निराळा घडला. दुसऱ्या एका दुकानाने त्याच्याकडून संपूर्ण संगणकासाठी आगाऊ रक्कम घेतली, ‘येत्या आठवड्यात’ असे म्हणत माल देणे लांबवले आणि शेवटी वाढीव दराने फरक भरा, नाहीतर ऑर्डर रद्द समजा, असे कळवले. कोटेशन होते ते व्हॉट्सॲपवरच्या आवाजी निरोपात. त्यात प्रोसेसर किती, रॅम किती, एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) कुठल्या कंपनीचा, यातले काहीच वेगळे सांगितलेले नव्हते. फक्त एकूण आकडा होता.

हे दोन्ही प्रकार ‘टंचाईत असे चालायचेच’ म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(41) मध्ये निर्बंधात्मक व्यापार प्रथेची जी व्याख्या आहे, तिच्यात एक वस्तू घ्यायची तर दुसरी घेतलीच पाहिजे अशी अट घालणे आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे पुरवठा लांबवणे, ज्यामुळे किंमत वाढली किंवा वाढण्याची शक्यता निर्माण झाली, या दोन्ही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. व्यवसायासाठी संगणक घेणाऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असेही अनेकांना वाटते. ते पूर्णतः खरे नाही, कारण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरणारी व्यक्ती याच कायद्याने ग्राहक ठरते. घरून डीटीपी करणारी गृहिणी त्यात बसते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना शुल्कही पडत नाही. अडचण एकच असते, ती म्हणजे हातात कागद नसतो. ठरलेली मुदत कुठे लिहिलेलीच नसेल तर ती ओलांडली, हे सिद्ध कसे करणार?

खोक्यावरील कमाल किरकोळ किमतीचा येथे फारसा उपयोग होत नाही. संगणकाच्या भागांवर छापलेली ही किंमत प्रत्यक्ष बाजारभावापेक्षा बऱ्याचदा इतकी वर असते, की भाव दुप्पट झाला तरी तिच्या मर्यादेत राहतो.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. वितरकाचा सकाळचा दर संध्याकाळी टिकत नाही, असे ते सांगतात आणि ते खोटे नाही. आठवडाभर जुन्या दराने बांधून घेतलेल्या लहान दुकानदाराचे त्यात नुकसान होते. त्यावर उपाय मात्र सोपा आहे. कोटेशन लेखी द्यावे, प्रत्येक भागाचा दर वेगळा लिहावा आणि तो दर किती वेळ लागू राहील हेही लिहावे, मग ती मुदत अवघी एका दिवसाची असली तरी हरकत नाही. आगाऊ रक्कम घेतली की पावतीवर माल देण्याची तारीख घालावी आणि त्या तारखेला माल नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. संगणक विक्रेत्यांच्या स्थानिक संघटनांनी असा एक साधा नमुना आपल्या सभासदांना दिला आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी तो तपासला, तर प्रामाणिक दुकानदारांना त्यात त्रास होण्याचे कारण नाही.

सरकारकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराचा सदस्य असल्याने रॅमवर मूळ आयात शुल्क नाही, त्यामुळे तिथे कपातीला जागा नाही. 18 टक्के जीएसटी मात्र आहे, आणि किंमत तिप्पट झाली की कराची रक्कमही आपोआप तिप्पट होते, जिची वजावट नोंदणी नसलेल्या घरगुती व्यावसायिकाला मिळत नाही. गुजरातमधील साणंदच्या मायक्रॉनच्या प्रकल्पाने रॅम स्वस्त होईल, अशी आशाही काही जण बाळगून आहेत; पण तिथे होणारे काम चिपच्या जुळणीचे आणि चाचणीचे आहे. टंचाई आहे ती त्याआधीच्या टप्प्यात, म्हणजे वेफरच्या निर्मितीत, आणि ती मेमरी देशात बनत नाही.

ज्यांना थांबणे शक्यच नाही, त्यांनी खर्च कुठे पुढे ढकलता येतो ते पाहावे. अंतर्गत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला (इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ती सोय नसते), तर ग्राफिक्स कार्ड नंतर बसवता येते. रॅमसाठी चार स्लॉट असलेला मदरबोर्ड घेतल्यास आज 8 जीबीच्या दोन स्टिकवर काम सुरू करून पुढे भर घालण्याची सोय राहते. स्वस्त पडेल म्हणून डीडीआर4 या जुन्या पिढीच्या रॅमकडे वळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की कंपन्यांनी तिचे उत्पादन आटोपते घेतल्याने तीही महागली आहे, शिवाय खाच वेगळ्या जागी असल्यामुळे ती स्टिक पुढे डीडीआर5 च्या बोर्डात बसणारही नाही. आणि चार पैसे वाचतात म्हणून पक्क्या बिलाशिवाय रॅम कधीही घेऊ नये, कारण वॉरंटी आणि वर सांगितलेली तक्रार, दोन्ही त्या बिलावरच उभी असतात.

आपल्याकडे एक विनंती आहे. सोन्याचांदीचे आणि भाजीपाल्याचे दर आपण छापता, त्या बाजारभावाच्या रकान्यात ही टंचाई असेपर्यंत आठवड्यातून एकदा 8 आणि 16 जीबी रॅमचे मुंबई, पुणे आणि नागपूर येथील किरकोळ दर द्यावेत. बाहेरगावच्या ग्राहकाला दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी निदान आकड्याचा अंदाज राहील.

आपला,
एक वाचक, नाशिक