पाण्याने धुऊन न निघणारं

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात, जंतू मारायला 'किरणं दिलेली भाजी म्हणजे विष' असं सांगणारं पत्र वाचलं आणि रात्रभर चीड गेली नाही.

पत्रलेखक म्हणतात, पूर्वीची माणसं भाजी नुसती धुऊनच खात होती. मीही धुतली होती. गेल्या श्रावणात नातू आला म्हणून कोबीची कोशिंबीर केली. एकेक पान सुटं केलं, मिठाच्या पाण्यात ठेवलं, तीनदा धुतलं. देठाजवळच्या वळकटीतली माती नखाने काढली. तिसऱ्या दिवशी पोराला रक्ताचे जुलाब सुरू झाले. कच्चं असं त्याने तेवढंच खाल्लं होतं. पाच दिवस सलाईन! हाताची शीर सापडेना म्हणून पायाला सुई लावली, तर रडायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "काकू, पाण्यानं वरचं निघतं, पानाच्या आत शिरलेले जंतू निघत नाहीत."

गॅमा किरणं तिथवर पोहोचतात. किरणोत्सारी कोबाल्ट धातूतून निघणारी ही किरणं भाजीतून आरपार जाऊन जंतूंचा डीएनए तोडतात. भाजी किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस किरणं घेऊन घरी येतो का? अमेरिकेत 2006 साली पालकातल्या ई. कोलाय या जंतूने सुमारे 200 जण आजारी पडले, 3 दगावले. 2008 साली तिथे पालक आणि आइसबर्ग लेट्यूसला (कच्च्या खायच्या, कोबीसारख्या पालेभाजीला) 4 किलोग्रेपर्यंत (हे किरणांच्या मात्रेचं माप) किरणं द्यायला परवानगी मिळाली. आपल्याकडे लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून किरणं देतात. 2007 पासून आपला आंबा अमेरिकेला जातो, त्यालाही किडीसाठी किरणं द्यावी लागतात. मग आमच्या कच्च्या कोबी-कोथिंबिरीचाच विचार कुणी का करत नाही? शिजवायच्या भाजीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पत्रलेखकांचं एक मात्र पटलं, घाण शेतातच जाऊ नये. मग त्यांनी आमच्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यावर लिहावं. शहराचं सांडपाणी त्यात येतं आणि पावसाळ्यात नाला फुगला की वडगाव-शहापूरच्या शिवारात पसरतं. गेल्या पावसात माझ्या भावाचा भात आठ दिवस त्या पाण्याखाली होता. पाणी ओसरलं तेव्हा बांधावर पिशव्या आणि डायपर अडकलेले होते. त्याच रानात तो थंडीत मेथी-कोथिंबीर करतो. मी बोलले तर म्हणाला, "अक्का, दुसरं रान आणू कुठून?"

आपली,
एक आजी, वडगाव, बेळगाव