‘आधी स्क्रीन शेअर थांबवा’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालू नका, असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. जाहीरपणे लिहू नका, असं मात्र म्हणाला नव्हतात, तेवढी पळवाट घेतो. व्हॉट्सॲपवर हात जोडलेले दोन इमोजी पाठवून मला समाधान होईना.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं आमच्याबद्दल. सांगली जिल्ह्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांचं संकलन आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदली जाते, त्यावरून दर निघतो, दहा दिवसांनी बिल. नवा कोड चढवायचा तर मधल्या दुपारच्या वेळातच, आणि दोन सर्व्हरवर हाताने. एकदा दरपत्रक बदललं तेव्हा एका सर्व्हरवर नवा दर पोचला, दुसऱ्यावर जुनाच राहिला. पेज रिफ्रेश केलं की त्याच म्हशीच्या त्याच दुधाचा भाव बदलायचा. संस्थेचे सचिव फोनवर जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. त्यानंतर कॅपिस्ट्रानो बसवायचं ठरलं, म्हणजे एकाच कमांडने सगळ्या सर्व्हरवर नवा कोड चढवणारं साधन.

तुमच्याआधी एक सल्लागार येऊन गेले. रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार देणारा, पासवर्ड त्यांनी आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर मागून घेतला होता. आल्या आल्या खुर्ची घेतली, स्वतःचा लॅपटॉप उघडला, टर्मिनलवर भराभर ओळी पळवल्या आणि ‘झालं’ म्हणाले. मी काही विचारलं की ‘ते तुम्हाला नाही लागणार’. फी घेतली आणि गेले. त्यांच्या लॅपटॉपवरून खरंच सगळं चालत होतं. आमच्या लॅपटॉपवरून मात्र ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही. फोन केला तर ‘तुमच्याच मशिनचा प्रॉब्लेम’, आणि नंतर फोन उचलणंच बंद. कॉलेजातल्या एका सीनियरला विचारलं तर तो हसला. ‘कॅपिस्ट्रानो? अजून? कुबरनेटिसवर जा की.’ ते तर सर्व्हरांचे ताफे सांभाळायचं अवजड साधन. अरे बाबा, दोन सर्व्हर आहेत आमचे, दोन!

मग मित्राने तुमचा नंबर दिला. त्याची मावसबहीण, एवढीच ओळख. तुमचा दिवस ऑफिसात गेलेला, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि तुम्ही म्हणालात, ‘एरर मला वाचून दाखवा. सावकाश, पहिल्या ओळीपासून.’ मी वाचत होतो आणि तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. शेवटच्या दोन ओळींवर आलो आणि मलाच दिसलं की नकार आमचा सर्व्हर देतच नाहीये, आमचा कोड जिथे ठेवलेला असतो ते गिटहब देतंय. कॅपिस्ट्रानो आमच्या सर्व्हरवर जाऊन कोड ओढतं खरं, पण सल्लागारांनी ते एजंट फॉरवर्डिंगवर ठेवलं होतं. म्हणजे सर्व्हर दर वेळी त्यांच्या लॅपटॉपमधली की, म्हणजे डिजिटल किल्ली, वापरत होता. ते गेले, की गेली. शेजाऱ्याच्या किल्लीने आपलं दार उघडत होतो म्हणायचं. तुम्ही सर्व्हरलाच गिटहबवरून कोड घेण्यासाठी स्वतःची डिप्लॉय की करायला लावलीत, तीही फक्त वाचण्यापुरती, आणि जुन्या माणसाची की ऑथोराइज्ड कीजमधून, म्हणजे सर्व्हरवर कुणाला आत सोडायचं त्या यादीतून, आमच्याकडूनच पुसून घेतलीत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पुढची एरर आली ती मास्टर की, म्हणजे आमची गुपितं उघडणारी किल्ली, सर्व्हरवर नाही म्हणून. ती फाईल गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात, नसते, शेअर्ड फोल्डरमध्ये एकदा हाताने ठेवावी लागते. मी ती उघडायला गेलो आणि तुम्ही पटकन म्हणालात, ‘थांबा, आधी स्क्रीन शेअर बंद करा. ती मी बघायचं काही कारण नाही.’

बस, एवढंच. तुमच्या लक्षातही नसेल. पण त्या एका फाईलमागे हजारो शेतकऱ्यांची बँक खाती आहेत, आणि आधीच्या माणसाने आमचा पासवर्ड चहा मागवावा तसा मागितला होता. तुम्ही न मागता तोंड फिरवलंत. सर्व्हर आमचा आहे हे त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवलं. तोवर मी स्वतःच्याच सर्व्हरवर पाहुण्यासारखा वावरत होतो. शेअर बंद असताना तुम्ही भाजी परतत होतात, बहुतेक वांग्याची, कारण ‘करपली वाटतं’ असं ऐकू आलं. त्या वांग्याबद्दलही माफी असावी.

येणाऱ्यातली बरीच मंडळी आपल्याला किती येतं हे दाखवायला येतात. समोरच्याला किती जमेल हे बघणारी थोडी. आणि ती अशीच भेटतात, कुणाच्या तरी मावसबहिणी म्हणून. हे कॅपिस्ट्रानोसुद्धा तसंच टिकलं म्हणा ना. जेमिस बक यांनी ते लिहिलं, तेव्हा त्याचं नाव स्विचटॉवर होतं, 2006 मध्ये ते बदललं. 2009 मध्ये त्यांनी हात काढून घेतला, आणि ज्यांना कुणी पगार देत नव्हतं अशा लोकांनी ते पुढे चालवलं. त्यांच्यातल्या कुणालाही आमची म्हैस माहीत नाही.

पहिलं डिप्लॉय, म्हणजे कोड चढवणं, यशस्वी झालं तेव्हा मी फोन ठेवायच्या तयारीत होतो. तुम्ही ठेवू दिला नाहीत. ‘आता मागे या,’ म्हणालात. चाललेलं कशाला मोडायचं, असं वाटलं, पण रोलबॅकची, म्हणजे मागे फिरायची, कमांड दिली आणि करंट नावाची लिंक, जी चालू कोड कुठला ते दाखवते, आदल्या रिलीजकडे वळली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. डेटाबेसमधले बदल मात्र याने मागे येत नाहीत, हे तुम्ही इतक्या ठासून सांगितलंत की आमच्या पोराने ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. गेल्या महिन्यात गायीच्या दुधाचं दरपत्रक पुन्हा बदललं. दुपारी एक कमांड, दोन्ही सर्व्हर, संध्याकाळच्या संकलनाला एकच भाव. सचिवांचा फोन आला नाही. आमच्या धंद्यात यालाच कौतुक म्हणतात.

राहता राहिलं बिल. ते तुम्ही पाठवणार नाही, हे आता कळून चुकलंय. आमचे साहेब म्हणतात, पैसे नको तर नको, पण तूप कोण नाकारतं? एका संस्थेकडून गावठी म्हशीचं कढवून आणलंय, डबा ऑफिसात तयार आहे. घरचा पत्ता तेवढा पाठवा. आणि हो, तो व्हॉट्सॲपवर पाठवला तरी चालेल.

आपला,
दूध संस्थांचा सॉफ्टवेअरवाला, सांगली