स्पीकरचा ओहमचा आलेख पाहिल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या खरेदीनिमित्त निघालेल्या आपल्या पुरवणीत घरच्या संगीत-यंत्रणेवर एक लेख आला आहे. उंची स्पीकर घेणाऱ्यांनी ‘स्पीकरवर छापलेल्या वॅटच्या दीडपट वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा’ असा सल्ला त्यात दिला आहे. हाच सल्ला कोल्हापुरातल्या दुकानांतूनही सर्रास ऐकायला मिळतो. तो लक्षात ठेवायला सोपा असला तरी त्याच्या भरवशावर केलेली खरेदी बहुधा फसते. स्पीकरवर दोन-चार लाख रुपये घालणाऱ्या माणसाची त्यामुळे दिशाभूल होऊ नये, एवढ्यासाठी हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

स्पीकरच्या मागे छापलेला वॅटचा आकडा म्हणजे त्या स्पीकरची मागणी नव्हे. आतली कॉइल जळण्यापूर्वी साधारण किती वीज सोसू शकते, एवढेच तो आकडा सांगतो. तो स्पीकर हव्या त्या आवाजात वाजवायला किती वीज लागेल, हे त्याच्या संवेदनशीलतेवरून ठरते. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हा तो आकडा आणि तो जवळजवळ प्रत्येक माहितीपत्रकात असतो. आपल्या घरातल्या मध्यम आकाराच्या खोलीत, स्पीकरच्या जोडीपासून तीन मीटरवर बसून ऐकायचे आहे असे धरू. अंतरामुळे खोलीत साधारण ६ डेसिबल कमी होतात आणि दुसऱ्या स्पीकरमुळे ३ डेसिबल परत मिळतात. तबल्याची जोरकस थाप किंवा वाद्यवृंदाचा कळस १०० डेसिबलपर्यंत स्वच्छ पोहोचावा अशी अपेक्षा असेल, तर ८ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचे, म्हणजे अडथळ्याचे माप), ८५ डेसिबलच्या स्पीकरला सुमारे ६३ वॅट लागतात, ९० डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट पुरतात आणि १०० डेसिबलच्या कर्ण्याच्या स्पीकरला अवघे दोन वॅट. दर ३ डेसिबलला वीज दुप्पट लागते, हे एकदा ध्यानात घेतले की १०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरऐवजी १२० वॅटचा घेण्यासाठी ज्यादा पैसे मोजणे किती व्यर्थ आहे ते आपोआप कळते. तो फरक एक डेसिबलसुद्धा भरत नाही.

या आकड्यातही एक खोच आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॅट होतात. म्हणून ४ ओहमचा ‘८८ डेसिबल’ स्पीकर वॅटच्या हिशेबाने प्रत्यक्षात ८५ डेसिबलचाच असतो.

आता ओहमविषयी. माझा मूळ आक्षेप इथे आहे, कारण आपल्या लेखात या गोष्टीचा उल्लेखही नाही. स्पीकरचा रोध हा एकच ठरलेला आकडा नसतो. तो प्रत्येक कंपनसंख्येला (सेकंदाला होणारी कंपने, ती हर्ट्झमध्ये मोजतात) वेगळा असतो आणि ओहमचा आलेख हाच बदल दाखवतो. छापलेले ‘८ ओहम’ हे फक्त नाममात्र मूल्य असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्यक्ष रोध या नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरमध्ये ६.४ ओहमखाली, जाता कामा नये. अनेक नामांकित स्पीकर हे बंधन पाळत नाहीत.

आमच्या राजारामपुरीतल्या एका स्नेह्यांकडे जमिनीवर उभे राहणारे, तीन मार्गी (खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी वेगळे भाग असलेले), ‘८ ओहम’ असे छापलेले स्पीकर आहेत आणि ते एका होम थिएटरच्या रिसीव्हरला, म्हणजे त्यातल्याच अंगभूत अ‍ॅम्प्लिफायरला, जोडलेले होते. विलंबित ख्याल व्यवस्थित चाले. पण द्रुत सुरू होऊन बायाँचे खोल बोल वाढले की रिसीव्हर ‘टक्’ असा आवाज करून बंद पडे. दुकानदाराने तारांचा दोष सांगून महाग तारा विकल्या, पण फरक पडला नाही. शेवटी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १० ओहमचा, १० वॅटचा एक रोधक जोडला, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून एकेक शुद्ध स्वर अगदी हळू आवाजात सोडला आणि साध्या मल्टिमीटरने आधी रोधकावरचा आणि मग स्पीकरवरचा व्होल्ट मोजला. दुसऱ्याला पहिल्याने भागून दहाने गुणले की त्या स्वराला स्पीकरचा रोध मिळतो. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे विश्वासाचा नसतो, पण खर्जाचा भाग त्याने नीट मोजता येतो. ११० हर्ट्झच्या आसपास रोधकावर १ व्होल्ट असताना स्पीकरवर भरला ०.३४ व्होल्ट, म्हणजे ३.४ ओहम. ‘८ ओहम’ म्हणून विकलेला तो स्पीकर खरे पाहता ४ ओहमचा होता आणि रिसीव्हरच्या मागे मात्र ‘किमान ६ ओहम’ असे स्पष्ट छापलेले होते. दोष तारांचा नव्हता आणि दोन्ही यंत्रे आपापल्या परीने उत्तम होती. त्यांची जोडी चुकली होती.

८ ओहमला १०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे २८ व्होल्ट देत असतो आणि त्या वेळी साडेतीन अँपिअर प्रवाह वाहतो. तेच व्होल्ट ४ ओहमवर टिकवायचे तर सात अँपिअर लागतात आणि २ ओहमवर चौदा. एवढा प्रवाह देण्यासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर, भरपूर कपॅसिटर आणि रुंद हीटसिंक लागतात, आणि किंमत मुख्यतः त्यांचीच असते. म्हणून ८ ओहमला १०० आणि ४ ओहमला जवळपास २०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर, ८ ओहमला १५० आणि ४ ओहमला मोघम ‘१८०’ सांगणाऱ्यापेक्षा अवघड स्पीकरसाठी केव्हाही सरस. काही रिसीव्हरच्या मागे ‘४ ओहम’चे बटण असते. ते दाबल्याने यंत्र अधिक समर्थ होत नाही. आतला व्होल्ट कमी करून ते तापण्यापासून वाचते आणि शक्ती घटते. त्यातच व्होल्ट आणि प्रवाह यांच्यात कलेचा फरक असला, म्हणजे एकाचा कळस आधी आणि दुसऱ्याचा नंतर येत असला, तर ताण आणखी वाढतो. हा फरक मोठा झाला की ४ ओहमचा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरना त्याहून बऱ्याच कमी ओहमच्या स्पीकरइतका तापवतो. अपोजी कंपनीचा सिंटिला हा रिबन स्पीकर १ ओहमच्या रोधामुळे १९८०च्या दशकात भल्याभल्या अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा पाहणारा ठरला, तो प्रवाहाच्या अशा मागणीमुळेच. उद्यमनगरातला कारागीरसुद्धा पंपावर किती भार येणार हे विचारल्याशिवाय मोटर सुचवत नाही. लाखाच्या वस्तू विकणाऱ्यांकडून तेवढीच अपेक्षा आहे.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात काचनळ्या वापरणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरबद्दल आपल्या लेखात ‘उबदार आवाज’ एवढेच म्हटले आहे. त्या उबेमागे बऱ्याचदा साधे गणित असते. अशा अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध २ ओहम असू शकतो. त्याला ४ ते २० ओहमपर्यंत वरखाली होणारा स्पीकर जोडला, तर जिथे रोध जास्त तिथे आवाज सुमारे पावणेतीन डेसिबलने उठून येतो आणि जिथे कमी तिथे दबतो. म्हणजे स्पीकरच्या रचनाकाराने जुळवलेला तोल बदलतो. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हाच फरक एक दशांश डेसिबलपेक्षाही कमी असतो. मला व्हॉल्व्हविषयी मनापासून आदर आहे. ‘३०० बी’ हा ट्रायोड जातीचा व्हॉल्व्ह एकट्याने जेमतेम आठ वॅट देतो आणि क्लिप्शसारख्या शंभर डेसिबलच्या वरच्या कर्ण्याच्या स्पीकरवर तो खोली भरून टाकतो. पण तोच अ‍ॅम्प्लिफायर बीबीसीने १९७०च्या दशकात घडवलेल्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरला जोडला, तर त्याच्या ८२-८३ डेसिबल संवेदनशीलतेमुळे तबल्याच्या थापेलाच दम लागतो. त्या स्पीकरचा १५ ओहमचा रोध मात्र अ‍ॅम्प्लिफायरला अजिबात जड नाही. त्याला थोडे अधिक वॅट देणारा, पण प्रवाहाने साधाच असलेला अ‍ॅम्प्लिफायर चालतो. वॅटची गरज आणि प्रवाहाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या जोडीवरून स्पष्ट दिसते.

लहान अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर सुरक्षित राहतो, ही समजूतही खरी नाही. अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, वरच्या कंपनसंख्यांत भर पडते, सरासरी वीज वाढते आणि वरचे स्वर वाजवणारा बिचारा ट्वीटर जळतो.

माहितीपत्रकातल्या वॅटविषयी सावध राहावे लागते, ते वेगळ्या कारणाने. केवळ १ किलोहर्ट्झला, ६ ओहमवर, एकच चॅनेल चालवून, १० टक्के विकृतीपर्यंत मोजलेले वॅटही ‘वॅट’च म्हणवतात. अमेरिकेत यासाठी १९७४ पासून नियम आहे आणि २०२४ मध्ये तो अधिक काटेकोर झाला: ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात, जास्तीत जास्त १ टक्का विकृतीने मोजलेला आकडा सांगावा लागतो. आपल्या ग्राहकाने दुकानात हेच तीन तपशील विचारावेत आणि ते न सांगता आलेला आकडा बाजूला ठेवावा.

पुरवणीत ज्यांवर रकाने खर्ची पडले, त्या गोष्टींचे महत्त्व मला दुय्यम वाटते. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा पाच मीटर जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहमच्या घरात असतो, तेवढा पुरे. डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा रोध यंत्राच्या स्वतःच्या रोधाच्या किती पट, ते प्रमाण) ५० वरून ५०० झाल्याने कानाला फारसे काही कळत नाही, कारण स्पीकरच्या कॉइलचाच रोध पाच-सहा ओहम असतो. घरातला विजेचा दाब दहा टक्क्यांनी उतरला तर साध्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती सुमारे १९ टक्के घटते, पण आवाजात तो फरक एक डेसिबलपेक्षा कमी आहे. त्यासाठी लाखाचे ‘पॉवर कंडिशनर’ घेण्यापेक्षा अर्थिंग तपासून घ्यावे. प्रीअ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (पहिला संकेत तयार करतो, दुसरा स्पीकर चालवतो) वेगवेगळ्या कंपन्यांचे घेताना मात्र पहिल्याच्या आउटपुटच्या रोधाच्या किमान दहापट दुसऱ्याच्या इनपुटचा रोध असावा, आणि अतिसंवेदनशील स्पीकर असतील तर अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (संकेत किती पटीने वाढतो ते प्रमाण) बेताचा असावा, नाहीतर शांत जागी सतत ‘हिस्स्’ ऐकू येते.

कोल्हापूरबद्दल मला विशेष आस्था वाटते, ती अशी. छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते, हे ते शहर. त्यांच्या जयपूर-अत्रौली गायकीतल्या आलापांचा आणि गुंतागुंतीच्या लयकारीचा कान इथल्या रसिकांना आहे; देवल क्लब या इथल्या संगीतसंस्थेच्या मैफलीत बसून ज्यांनी खर्जाची आस ऐकली आहे, त्यांना खोटा खर्ज लगेच कळतो. असे श्रोते दुकानात जातात तेव्हा त्यांना चित्रपटातल्या स्फोटांचा नमुना ऐकवला जातो, आणि गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीने कान कितीही बधिर केलेले असले तरी स्पीकर पारखण्याची ही पद्धत नव्हे. आपल्या परिचयाचे ध्वनिमुद्रण घेऊन जावे, तानपुऱ्याची खर्जाची तार आणि बायाँची मींड यांवर लक्ष द्यावे, आणि घरी ज्या आवाजात ऐकतो त्याच आवाजात ऐकावे.

आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे, की पुढच्या पुरवणीत स्पीकरची किंमत आणि वॅट छापताना त्यासोबत संवेदनशीलता, किमान रोध आणि तो कोणत्या हर्ट्झला आहे, हे तीन आकडे छापावेत. शक्य असेल तिथे रोधाचा आलेखही द्यावा. शहरातल्या विक्रेत्यांनाही विनंती आहे, की दोन लाखांपुढच्या स्पीकरसाठी ग्राहकाला दोन दिवस आपल्या घरी, आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर ते ऐकू द्यावेत आणि त्यासाठी हवी तर अनामत घ्यावी.

आपला नम्र,
एक संगीतप्रेमी वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर