अहरोनाच्या मस्तकावरचे तेल

येरेव्हान, आर्मेनिया

तीर्थरूप आप्पा व आई यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आप्पा, आपले पत्र मिळाले. खानापूरला आजीच्या आजारपणात तिला तेल कोणी लावावे यावरून घरात जे बोलणे झाले ते वाचून मनाला फार लागले. काकांचे म्हणणे असे की आपण मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मंडळीचे, आपल्याकडे तेलाचे प्रस्थ नाही, पाळकांनी येऊन प्रार्थना केली की पुरे. काकू माहेरच्या रोमन कॅथलिक असल्याने त्यांना फादरांच्या हातून तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याचा त्यांचा संस्कार, व्हावासा वाटतो. आत्याचा मुलगा मात्र बेळगावात तो हल्ली ज्या सभेला जातो तेथून अभिषेकाच्या तेलाची बाटली विकत घेऊन आला आणि गुण येईल तर याच तेलाने येईल, असे आजीच्या उशाशी उभा राहून सांगू लागला. आपण माझे मत विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. कारण ज्या तेलावरून आपल्या घरात तीन तोंडे तीन दिशांना झाली, तेच तेल पवित्र शास्त्रात भावांनी एकोप्याने राहण्याची खूण म्हणून आले आहे.

स्तोत्रसंहितेतले 133 वे स्तोत्र आपणच आम्हां भावंडांकडून पाठ करून घेतले होते. यरुशलेमेच्या सणांना डोंगर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाण्यांपैकी ते एक आहे आणि त्यात अवघी तीन वचने आहेत. बंधूंचे ऐक्य हे अहरोनाच्या, म्हणजे इस्राएलाच्या पहिल्या मुख्य याजकाच्या (पुरोहिताच्या), डोक्यावर ओतलेल्या, दाढीवरून ओघळत वस्त्रापर्यंत उतरलेल्या मोलाच्या तेलासारखे आहे, असे ते सांगते. लेवीय या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायातला अभिषेकाचा प्रसंग यासोबत वाचला की हे चित्र डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहते. मोशेने अहरोनाला आधी याजकाची सगळी वस्त्रे घातली, छातीवर ऊरपट बांधला आणि त्यानंतर त्याच्या मस्तकावर तेल ओतले. त्या ऊरपटावर बारा रत्ने जडवलेली होती आणि प्रत्येक रत्नावर इस्राएलाच्या एकेका वंशाचे नाव कोरलेले होते. म्हणजे मस्तकावरचे तेल दाढीवरून खाली आले ते थेट त्या बारा नावांकडे. ते वंश काही गुण्यागोविंदाने नांदणारे नव्हते. पुढे त्यांच्यात रक्तपात झाला, राज्याची दोन शकले झाली. तरीही याजकाच्या छातीवर ती बाराही नावे एकाच पट्टीत शेजारी शेजारी बसलेली होती. आप्पा, माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे: अभिषेक ज्याच्या डोक्यावर होतो त्याच्यापाशीच तो थांबला, खाली भावापर्यंत उतरला नाही, तर स्तोत्रकर्ता ज्याला चांगले आणि मनोरम म्हणतो ते तेथे नाही.

त्याच स्तोत्रात पुढे हर्मोन डोंगराचे दहिवर सियोनेवर पडते असे म्हटले आहे. हर्मोन इस्राएल देशाच्या अगदी उत्तर टोकाला, सियोन, म्हणजे यरुशलेमेचा डोंगर, दक्षिणेत, दोन्हींमध्ये जवळपास दोनशे किलोमीटरचे अंतर. उत्तरेचा ओलावा दक्षिणेच्या कोरड्या डोंगराला मिळतो, ही कल्पना सीमाभागातल्या माणसाला इतरांहून अधिक भिडावी असे मला वाटते. आपण गडहिंग्लजला, काका खानापूरला, मधून राज्याची हद्द गेलेली. आपल्या भागात मराठी उपासना एका वेळी आणि कन्नड उपासना दुसऱ्या वेळी होते, आणि एकाच प्रभूच्या मेजाला येणारी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना केवळ दारात भेटतात. त्या दारातल्या नमस्कारापुढे आपण फारसे गेलो नाही, याची मला मनापासून खंत आहे.

आता बाटलीविषयी. निर्गम या पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची घडण दिली आहे: गंधरस 500 शेकेल (हे त्या काळचे वजन), दालचिनी 250, सुगंधी बोरू 250, तज 500 आणि हिन या मापाने एक माप जैतुनाचे तेल. लगेच पुढे कडक ताकीद आहे की तसे तेल कोणी स्वतःसाठी बनवू नये. जे देवासाठी वेगळे केले ते कोणाची खाजगी मालमत्ता होऊ शकत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाच्या माणसाने पैसे देऊन पवित्र आत्म्याचे दान मागितले, तेव्हा पेत्राने त्याला किती कठोर शब्दांत झिडकारले तेही आपल्याला ठाऊक आहे. आत्याच्या मुलाची आजीवरची माया खरी आहे, त्याला घालूनपाडून बोलू नये, असे मी काकांना कळवणारच आहे; पण एका सभेचे तेल खरे आणि दुसऱ्या मंडळीचे तेल वाया, अशी शिकवण जो देतो आणि त्याचे पैसे घेतो, तो अभिषेकाचा अर्थच उलटा करतो, हे त्यालाही प्रेमाने सांगितलेच पाहिजे. योहान आपल्या पहिल्या पत्रात सर्व विश्वासणाऱ्यांना लिहितो की पवित्र पुरुषापासून तुमचा अभिषेक झालेला आहे. तेथे त्याने कोणाला वगळलेले नाही.

येथे आर्मेनियात मी जे पाहतो ते आपल्याला आवडेल. हा देश 301 साली ख्रिस्ती झाला असे येथील परंपरा मानते. येथील मंडळी आपल्या पवित्र तेलाला मुरोन म्हणते. येरेव्हानजवळच्या एच्मियाझिन येथे साधारण दर सात वर्षांनी जैतुनाचे तेल, बाल्सम हा सुगंधी डिंक आणि चाळीसहून अधिक फुले व सुगंधी द्रव्ये एकत्र करून ते आशीर्वादित करतात, आणि नव्या तेलात दर वेळी जुने तेल घालतात. विरजणासारखेच हे: आईच्या घरातले दही लेकीच्या घरी जाते आणि तेथून नातीच्या घरी. या देशाला ख्रिस्ती करणाऱ्या संत ग्रेगरीच्या काळापासूनच्या तेलाचा अंश अशा रीतीने आजच्या तेलात आहे, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. नंतर ते तेल जगभर विखुरलेल्या आर्मेनियन मंडळ्यांना पाठवले जाते. बाळाचा बाप्तिस्मा होतो त्याच वेळी कपाळ, डोळे, कान, नाक, ओठ, हात, हृदय, पाठ आणि पाय यांवर ते लावतात. या लोकांनी गेल्या शतकात संहार आणि हद्दपारी सोसली, घरेदारे गेली, तरी ज्या तेलाने आजोबांना खूण केली त्याच परंपरेतल्या तेलाने नातवालाही होते.

पण या मंडळीच्या इतिहासातही फूट आहेच. ख्रिस्ताच्या देवत्व व मनुष्यत्वाविषयी 451 सालच्या खाल्सेदोन येथील धर्मपरिषदेने दिलेला निर्णय तिने मान्य केला नाही आणि ती रोम व कॉन्स्टँटिनोपल या दोन्हींपासून दूर राहिली. पोप दुसरे जॉन पॉल आणि आर्मेनियन मंडळीचे मुख्य पहिले कारेकिन यांनी ख्रिस्तावरील समान विश्वासाच्या संयुक्त निवेदनावर सही केली ती 1996 मध्ये. दीड हजार वर्षे लागली, आप्पा. आपल्या घरात एवढा वेळ जाऊ नये.

काकांना वाटते तसे तेल हे केवळ कॅथलिकांचे नाही. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे की कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी. तेथे वडील अनेक आहेत. एकट्याने येऊन उरकण्याचे ते काम नाही. काकूंच्या मंडळीतही ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात बिशप आपल्या सगळ्या धर्मगुरूंसह एकत्र मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, करून वर्षभराची तेले आशीर्वादित करतात आणि तीच तेले धर्मप्रांतातल्या गावोगावच्या चर्चमध्ये जातात. तेल जैतुनाचेच हवे असा हट्टही त्यांनी धरलेला नाही. ज्या देशांत ते सहज मिळत नाही तेथे रुग्णांसाठी दुसरे वनस्पतिजन्य तेल चालेल, असे पोप सहावे पॉल यांनी 1972 मध्येच ठरवून दिले.

आणखी एक गोष्ट काकांना आठवण करून द्यावी. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट संस्थेचे काम 1820 मध्ये सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथडिस्टांकडे आले. पाटी बदलली म्हणून कोणाचा बाप्तिस्मा पुन्हा करावा लागला नाही. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांतही 1953 मध्ये वेगळा झाला. त्याआधीही काकूंच्या आजोळची माणसे ख्रिस्तीच होती. आपण ज्या नावांवरून भांडतो त्यांतली कित्येक आपल्या आजीच्या वयाच्या जवळपासची आहेत.

म्हणून माझी विनंती अशी. आजी मेथडिस्ट मंडळीची आहे, तेव्हा पाळकांनी मंडळीच्या वडिलांसह घरी यावे आणि याकोबाच्या वचनाप्रमाणे तिला तेल लावावे. काकांनी त्याला हरकत घेऊ नये. कॅथलिक नियमांनुसार इतर मंडळ्यांच्या माणसांना तो संस्कार गंभीर प्रसंगी आणि काही अटींवरच देता येतो, त्यामुळे फादरांना अवघड जागी न घालता काकूंनी त्यांना त्याच वेळी प्रार्थनेसाठी आवर्जून बोलवावे. आत्याच्या मुलाने बाटली बाजूला ठेवून 133 वे स्तोत्र वाचावे, त्याचा आवाज चांगला आहे. तेल घरातलेच, घाण्यावरचे खोबरेल असले तरी चालेल. शेजारच्या कन्नड मंडळीतील ज्या बाई आजीला रोज भेटायला येतात, त्यांनाही त्यांच्या भाषेत प्रार्थना करू द्यावी; आजीला कन्नड उत्तम समजते.

हे पत्र काकांना वाचून दाखवावे, पण काकू आणि आत्या समोर असताना, म्हणजे कोणाला आपल्यामागे लिहिले असे वाटणार नाही. पाळकांना कोणता दिवस सोयीचा आहे ते लगेच विचारावे आणि मला कळवावे. त्या वेळी मी येथून फोनवर हजर राहीन. आजीच्या औषधांसाठी पैसे कालच पाठवले आहेत.

आईला व सर्वांना सलाम.

आपला,
विनय