जपानमध्ये मुले कमी, कारण आयाच कमी

महोदय,

जपानवरचा कालचा अग्रलेख वाचला. विषयाला जागा दिलीत याबद्दल आभार. पण ‘प्रजनन दर थोडा वर सरकला की जन्मांची घसरण थांबेल’ हे त्यातले विधान साफ चुकीचे आहे, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे.

जपानचेच आकडे घ्या. २००५ मध्ये एकूण प्रजनन दर १.२६ होता, २०१५ मध्ये तो १.४५ वर गेला. त्याच दहा वर्षांत वर्षाचे जन्म १०.६ लाखांवरून १०.१ लाखांच्या खाली आले. दर चढला आणि पाळणे घटले, कारण दर एका बाईमागे किती मुले ते सांगतो. बायका किती, ते सांगत नाही. शिवाय हा दर काढताना १५ ते ४९ मधल्या प्रत्येक वयाच्या स्त्रियांना त्या वर्षी झालेली मुले त्या वयाच्या स्त्रियांच्या संख्येने भागतात आणि सगळे भागाकार मिळवतात. त्यामुळे लग्ने लांबली की दर प्रमाणाबाहेर पडतो, आणि लांबलेली बाळंतपणे झाली की थोडा सावरतो. तिथे पहिल्या बाळंतपणाचे सरासरी वय १९७५ मध्ये २५.७ होते, आता ३१ आहे.

आता पुढचा हिशेब. आज तिशीत असलेल्या जपानी स्त्रिया ज्या वर्षांत जन्मल्या, तेव्हा वर्षाला साधारण १२ लाख मुले होत होती. म्हणजे मुली अंदाजे ६ लाख. त्याला २०२४ चा दर १.१५ लावला की ६.९ लाख येतात. प्रत्यक्ष जन्म ६.८६ लाख झाले. उद्या दर पुन्हा १.४५ झाला, तरी ८.७ लाखच. लोकसंख्या स्थिर ठेवणारा २.०७ चा दर गाठला, तरी साडेबारा लाखांच्या आत. २०२४ मधले मृत्यू १६ लाख! कोणतेही अनुदान ही तफावत बुजवू शकत नाही.

खरी संधी नव्वदच्या दशकात गेली, आणि त्याचा अग्रलेखात उल्लेखही नाही. १९७१ ते ७४ या वर्षांत दरवर्षी २० लाखांवर मुले जन्मली होती. ही पिढी शिकून बाहेर पडली तेव्हा कंपन्यांनी भरती आवळली होती. अनेकांना कंत्राटी कामावर राहावे लागले, लग्ने राहून गेली, आणि अपेक्षित असलेली जन्मांची तिसरी लाट (पहिली महायुद्धानंतरची, दुसरी याच पिढीची) आलीच नाही. जपानमध्ये लग्नाबाहेरचे जन्म जेमतेम २ टक्के, म्हणून लग्न राहिले की मूलही राहते. २०२० मध्ये पन्नास वर्षांच्या पुरुषांपैकी २८ टक्के, स्त्रियांपैकी १८ टक्के अविवाहित होते. उलट, लग्न होऊन १५ ते १९ वर्षे झालेल्या जोडप्यांना २०२१ च्या पाहणीत सरासरी १.९ मुले होती. ऑक्टोबर २०२४ पासून तिसऱ्या मुलाला महिना ३०,००० येन मिळतात. ते जरूर द्यावेत, पण ते लग्न झालेल्या घरांत पोहोचतात. अडचण त्याच्या आधीची आहे: पंचविशीतल्या तरुणाला पक्की नोकरी आणि परवडणारे घर.

‘आपल्याकडे अजून वेळ आहे’ हे वाक्यही तपासायला हवे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा दर १.७ आहे, गोव्याचा १.३. आज जन्म पुष्कळ दिसतात ते तरुण आया पुष्कळ आहेत म्हणून. नेमक्या याच भ्रमात जपानने आपली वर्षे घालवली.

आणखी एक. लेखासोबतच्या तक्त्यात २०२४ चे जन्म ‘६९ लाख’ छापले आहेत. मिलियनचे लाख करताना ०.६९ ला दहाने गुणायचे असते, शंभराने नव्हे. महायुद्धानंतरच्या भरातही, १९४९ मध्ये, जपानमध्ये २७ लाखांच्या आसपास मुले जन्मली होती. स्पर्धा परीक्षांची मुले हे तक्ते कापून वहीत चिकटवतात. दुरुस्ती कोपऱ्यात न टाकता अग्रलेखाच्याच पानावर छापावी, ही विनंती.

— लोकसंख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे